टायरला करडईचं तेल

त्या दिवशी मी पडले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडं मोटारसायकलची गोष्ट काढली की ऐकणारा पहिल्यांदा विचारतो, "मग, पडलात कुठं?" मी पडले नाही. पडायची सगळी तयारी मात्र झाली होती. ती तयारी माझ्या वडलांनी केली होती आणि मोडलीही त्यांनीच.

आमचं गाव तेरजवळ. थोडी जमीन, एक जुना ट्रॅक्टर आणि दारात उभी असलेली माझी गाडी. वडलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते सातवी शिकलेले, आई चौथी. मी घरातली पहिली पदवीधर, मेकॅनिकल इंजिनिअर, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. धाराशिवला एका तंत्रनिकेतनात शिकवते, रोज गावाहून गाडीवर जाऊन-येऊन करते. गाडी दोनशे सीसीची, पुढं वाकून बसायची. गावातल्या बायका म्हणतात, "हिला पोटात दुखतंय का काय, अशी बसून जाती."

तुळजापूरच्या अलीकडं, हमरस्त्यापासून आत माळावर एका हौशी माणसानं डांबरी ट्रॅक केलाय. सगळा वळणावळणांचा, कडेला गवत आणि टाकाऊ टायरांच्या भिंती. महिन्यातून एका रविवारी कुणीही आपली गाडी आणून तिथं चालवावी. त्याला ट्रॅक डे म्हणतात. शर्यत नाही, नंबर नाही, बक्षीस नाही. समोरून एसटी येत नाही, मधे कुत्रं येत नाही, वळणाच्या पलीकडं कुणी सोयाबीन वाळत घातलेलं नसतं. एवढंच काय ते सुख. मी दोनदा बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या बाहेर उभी राहून बघून आले होते. तिसऱ्या वेळी नाव घातलं.

तयारीत पहिला प्रश्न टायरचा. माझे जुने टायर तेर-धाराशिवच्या रस्त्यानं मधोमध सपाट झाले होते आणि कडा मात्र कोऱ्या, कडेची बारीक रबरी केसंसुद्धा जशीच्या तशी. सरळ रस्त्यावर गाडी टायरच्या मध्यावर चालते, कडेवर ती फक्त वळणात झुकल्यावर येते. आणि आपण रोजच्या रस्त्यावर झुकतो किती? टायरचा हिशोब साधा आहे. कडक रबर जास्त दिवस टिकतं, मऊ रबर रस्त्याला जास्त धरतं. दोन्ही एकाच टायरात मिळत नाही. मी धाराशिवच्या टायरवाल्याला म्हणाले, "मऊ द्या. लवकर झिजला तरी चालंल."

तो हातातला टायर खाली ठेवून माझ्याकडं बघायला लागला. "म्याडम, इतकी वर्षं धंदा करायलोय. लवकर झिजणारा द्या म्हणणारं पहिलंच गिऱ्हाईक बघायलोय."

"मग आज बघा."

त्यानं मऊ टायर घातले, दोन्हीकडं लाकडासारखी टणक हवा भरली आणि पान्याच्या दांड्यानं ठोकून दाखवलं. टणटण वाजलं. आमच्याकडं हवा अशीच तपासतात, कारण आमच्याकडं दुचाकीवर नवरा, बायको, दोन लेकरं आणि बियाण्याची पिशवी असते. त्यांना टणक हवाच पाहिजे. मला नको होती. टणक टायरचा थोडाच भाग रस्त्याला टेकतो. हवा जरा कमी केली की टायर पसरून टेकतो आणि धरतो.

दुसरी गोष्ट मागच्या स्प्रिंगची. मी बसल्यावर गाडी किती दबते हे मोजून ती घट्ट किंवा सैल करायची असते. त्याला दुसऱ्या माणसाची मदत लागते. आई ब्लाऊज शिवते, तिचा टेप घरात होताच. मी भाड्यानं आणलेला चामड्याचा जाड पोशाख चढवून गाडीवर बसले, आई टेप धरून खाली बसली.

"गाडीचं पोलकं शिवायलाव व्हय आपण?" आई म्हणाली.

"आई, आकडा सांग."

"सांगती की. पर हिची छाती लई भरली बाई."

शनिवारी संध्याकाळी मी टायरमधली हवा कमी करत बसले होते. अण्णा ट्रॅक्टरवरनं उतरून आले, माझ्या बाजूला थांबले. हवेचा सूं सूं आवाज ऐकून वाकले.

"हवा काढायलीस?"

"व्हय."

"मऊ रानात आमी बी…"

"अण्णा," मी मान वर न करता म्हणाले, "तुम्ही ट्रॅक्टरचं बघा. हे तुम्हाला नाही कळायचं."

ते सरळ झाले आणि आत गेले. माझ्या हे ध्यानातही राहिलं नाही. ज्याला कॉलेजात चार वर्षं परीक्षा देऊन काही कळलेलं असतं, त्याला आपल्याला कळतं हे सारखं दाखवायची सवय लागते. मला लागली होती.

आता जे सांगते ते मला त्या वेळी माहीत नव्हतं. नंतर कळलं. पण क्रमानं सांगायचं तर इथंच सांगायला पाहिजे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळायचं, कुणी तेल चोळतं. आमचे बैल गेले, ट्रॅक्टर आला, पण अण्णांची खांदमळणी थांबली नाही. दर वर्षी त्या दिवशी ते ट्रॅक्टर धुतात आणि वाटीत करडईचं तेल घेऊन चारी टायरांना चोळतात. रबर काळंभोर दिसतं, भेगा बुजल्यासारख्या वाटतात. शेतातल्या मातीत त्यानं काही बिघडत नाही. चार फेऱ्यांत तेल मातीत जातं.

तर रविवारी सकाळी मी आंघोळीला गेले आणि अण्णांनी वाटीत करडईचं तेल काढलं. लेक आज पहिल्यांदा मोठ्या कामाला निघालेली, गाडीला नवे टायर, तसंच कोरडं कसं पाठवायचं? त्यांनी दोन्ही टायरांना फडक्यानं तेल चोळलं. कडांना जरा जास्त, कारण कडा त्यांना कोरड्या दिसल्या. मग फडकं ट्रॅक्टरच्या खोक्यात टाकून हात धुऊन बसले.

मी बाहेर आले. टायर चकाकत होते. नवा टायर साच्यातून निघतो तेव्हा त्याच्यावर चमक असतेच, हे मी मुलांना वर्गात शिकवते. म्हणून मला शंकाच आली नाही. माझं शिक्षण कमी असतं तर कदाचित बोट लावून बघितलं असतं.

अण्णांना बघायला यायचं होतं. मी त्यांना मागं बसवलं. त्या गाडीची मागची सीट म्हणजे हातावर मावेल एवढी. टोपीवर माझं जुनं हेल्मेट, मांडीवर भाकरीचं गाठोडं, दोन्ही हात माझ्या खांद्यावर. आईनं बजावलं होतं, "जाताना सावकाश." तेर ते धाराशिव सावकाश गेलो आणि पुढं तुळजापूरपर्यंत रस्ता चौपदरी, सरळसोट. मी कुठंच झुकले नाही. टायरच्या मध्यावरचं तेल रस्त्यानं पुसलं गेलं. कडांवरचं तसंच राहिलं.

ट्रॅकवर वीसेक गाड्या होत्या. सोलापूरची पोरं, लातूरचे दोघं, हैदराबादकडचे काही जण. सुरुवातीला नारळ फोडला. मग प्रत्येक गाडीचे आरसे काढायचे आणि दिव्यांना चिकटपट्टी लावायची, म्हणजे गाडी पडली तरी काच विखरत नाही. तपासणाऱ्यानं ब्रेक बघितले, साखळी बघितली, टायरकडं बघून म्हणाला, "नवे दिसतात."

"कालच घातले," मी म्हणाले. माझ्या आवाजात ऐट होती.

शिकवणारे उस्ताद हैदराबादकडचे, पन्नाशीतले, एक पाय किंचित ओढत चालणारे. सगळ्यांना गोळा करून ते त्यांच्या दखनीत बोलले. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना ती बोली समजते, अण्णांना चांगलीच समजते. अण्णा दोरीच्या पलीकडं उभे राहून ऐकत होते.

"नया टायर किसका है?"

मी हात वर केला.

"नया टायर साबुन रहता, बेटी. ऊपर की परत निकलने तक मोड़ में झुकाना नै. और टायर को कोई तेल, पॉलिश, कुच बी लगा को आया तो अब्बीच बोलो. तेल लगा टायर पूछ को नै गिराता."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही मान हलवली, नाही म्हणून.

पहिल्या तुकडीत माझा नंबर होता. जाण्याआधी मी अण्णांकडं गेले. ते गाठोडं छातीशी धरून उभे होते, तोंड उतरलेलं. मला वाटलं, ऊन लागलं.

"आजच चालवायची का?" ते म्हणाले.

"मग काय पूजेला आणलीय?"

"न्हाय… टायर बराबर हाय न्हवं?"

"अण्णा, टायर मी निवडलेत." आणि मी हेल्मेट घातलं.

हेल्मेट घातल्यावर बाहेरचं जग लांब जातं. आपला श्वास मोठ्यानं ऐकू येतो. रांगेत माझ्या पुढं चार गाड्या होत्या. झेंडेवाला एकेकाला सोडत होता. मी इंजिन चालू केलं, हातमोजे ओढून बसवले, पहिल्या उजव्या वळणाकडं बघितलं. तिथं टायरांची भिंत होती, पांढरा-लाल रंग दिलेली. मनात ठरवलं होतं, दोन फेऱ्या हळू आणि तिसरीला झुकायचं.

दोन गाड्या सुटल्या. तेवढ्यात झेंडेवाला हात हलवून ओरडायला लागला. माझ्याकडं बघून नाही, माझ्या मागं. मी वळून बघायच्या आत एक हात पुढं आला, सरळ माझ्या गाडीच्या चावीवर. चावी फिरली, इंजिन बंद. समोर अण्णा उभे होते, पायात चपला, टोपी वाकडी झालेली. दोरीखालून वाकून आले होते.

"ओ बाबा! कुठं घुसायलात? मागं व्हा!" झेंडेवाला पळत आला.

अण्णांचे ओठ हलत होते. मला काही ऐकू येईना. मी हेल्मेटची काच वर केली.

"…लावलंय," ते म्हणत होते.

"काय लावलंय?"

"त्याल. टायरला. करडीचं. म्या लावलंय सकाळी."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला.

"कुठं लावलंय?"

"सगळीकडं. कडंनं जरा जास्त." आणि थांबून म्हणाले, "कडा लई कोरड्या दिसायल्या व्हत्या, माय."

मी गाडीवरून उतरले. गाडी अण्णांनीच धरली. मी हातमोजा काढला आणि मागच्या टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा चमकला. वास घेतला. आमच्या घरच्या भाजीचा वास.

उस्ताद पाय ओढत आले. त्यांनीही बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि तपासणाऱ्याकडं बघितलं. "तू देखा, मैं देखा, किसी को नै दिखा."

रांगेतला एक सोलापूरचा पोरगा हेल्मेटमधून हसला. "काय बाबा, गाडीवर भजी तळायची होती काय?"

"भजी न्हाय, लेकरा," अण्णा म्हणाले. "माझी लेकच तळली गेली आसती."

त्यानं हेल्मेटची काच खाली ओढली. उस्तादांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "बोलना मुश्किल था ना, चाचा?"

"व्हय," अण्णा म्हणाले.

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. रांगेतल्या गाड्या माझ्या बाजूनं निघून गेल्या, पहिल्या वळणात एकेक करून झुकल्या, आणि मी त्यांच्याकडं बघत उभी राहिले, दोन पायांवर, धडधाकट. एवढं हलकं मला निकाल लागला त्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं. त्या निकालाच्या दिवशी मी गावभर सांगत फिरले होते. आज सांगण्यासारखं मी काही केलंच नव्हतं. जे केलं ते अण्णांनी केलं. वीस अनोळखी माणसांसमोर, लेकीनं "तुम्हाला कळायचं नाही" म्हटल्यावर, स्वतःहून सांगितलं की मी चुकलो.

पुढचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं. तेल काढायचं कसं? मी म्हणत होते साबण. ते म्हणाले, "नुसत्या साबणानं न्हाय निघायचं. राख पायजे." ट्रॅकच्या कोपऱ्यात एक मावशी चुलीवर चहा-भजी करत होत्या. अण्णांनी त्यांच्याकडून राख आणली, सकाळच्या नारळाच्या शेंड्या गोळा केल्या, कपडे धुवायची पावडर कुणाकडून तरी मिळवली, आणि आम्ही दोघं खाली बसून टायर घासायला लागलो. भांडी घासतात तसे. मी पुढचा, ते मागचा. राख तेल का काढते हे मला रसायनशास्त्रातून माहीत होतं. राखेनं तेल निघतं हे आधी आठवलं मात्र त्यांना.

दोनदा घासून, धुऊन झाल्यावर उस्ताद म्हणाले, अजून खात्री नाही. अण्णा त्या भजीवर हसलेल्या पोराकडं वळले.

"ए बाबा, मावशीकडून जरा वर्तमानपत्राचा कागद आण. कोरडा आण, भजी खाल्लेला नगं."

तो निमूट पळाला. अण्णांनी कागद टायरच्या कडेवर तळहातानं दाबून धरला आणि मग उन्हाकडं धरून बघितला. "भज्याचा कागद कसा आरपार दिसतो? त्याल आसंल तर तसाच दिसंल." पहिल्या कागदावर दोन डाग आरपार दिसले. परत राख, परत शेंडी. तिसऱ्या कागदावर नुसतं ओलं होतं, ते उन्हात वाळून गेलं. उस्तादांनी तो वाळलेला कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि घडी करून खिशात ठेवला. कशाला, ते मी विचारलं नाही.

दुपारच्या तुकडीत त्यांनी मला सोडलं. अट एकच, पहिल्या पाच फेऱ्या सायकलवर असल्यासारख्या. मी पाचच्या सात केल्या. प्रत्येक फेरीला जरा जास्त झुकायचे, कडेचं आणखी एक बोट रबर रस्त्याला टेकवायचे, आणि दर वेळी वाटायचं की आता सुटंल. सुटलं नाही. आठव्या फेरीला त्या पांढऱ्या-लाल भिंतीच्या वळणात गाडी अशी झुकली की माझा गुडघा डांबराच्या जवळ आला, आणि टायरनं धरलं. मऊ रबर, कमी हवा, आईनं मोजलेली स्प्रिंग. गाडी जणू रुळावर होती. सरळ रस्त्याला लागताना मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं हसले. कुणाला ऐकू गेलं नाही ते बरं झालं.

परत आले तेव्हा अण्णा दोरीला धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही, सरळ मागच्या टायरकडं गेले. घासून घासून कडेची चमक गेली होती, रबर खरखरीत झालं होतं. त्यांनी त्यावर हात फिरवला.

"बैलाची जीभ आशीच लागती," ते म्हणाले. आणि मग भाकरीचं गाठोडं सोडलं.

जेवताना मी विचारलं, "उस्तादांनी विचारलं तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तू हात वर करून उभी व्हतीस. सगळी तुझ्याकडं बघायली व्हती." त्यांनी भाकरी मोडली. "म्हणलं, माझी इंजिनिअर हाय. तिला दिसलं आसंल. पर तिला दिसलंच न्हाय म्हणल्यावर मग मलाच सांगाय पायजे."

निघताना ते म्हणाले, "तुझ्या आईला सांगू नगं."

"नाही सांगत."

"डब्यातलं त्याल कमी झालेलं तिला दिसणारच हाय. बघू."

आरसे परत बसवले, चिकटपट्टी काढली, मागची स्प्रिंग दोघांच्या वजनासाठी घट्ट केली. अण्णांनी टोपीवर हेल्मेट चढवलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवले. हमरस्त्याला लागल्यावर मला शनिवारची संध्याकाळ आठवली. सूं सूं हवा, आणि अर्ध्यात तोडलेलं त्यांचं वाक्य.

"अण्णा," मी मागं मान करून ओरडले, "मऊ रानात तुम्ही काय करता म्हणत होता?"

"काय?"

"काल! हवा काढताना! आमी बी म्हणालात!"

"आगं, हवाच कमी करताव की! मऊ रानात टायर टणक आसलं तर जागेवरच फिरतंय, माती नुसती उकरतंय. थोडी हवा सोडली की पसरतंय आणि धरतंय. पर लई सोडायची न्हाय, न्हायतर रिमवरच येतंय." आवाज वाऱ्यात उडत होता. ते माझ्या कानाजवळ झुकले. "आणि वरच्या रानाला येगळी, नदीकडच्या रानाला येगळी. तुला सांगताव बघ, आपल्या खालच्या तुकड्यात…"

अजून धाराशिव यायचं होतं. मी गाडी चाळीसवर आणली, नीट ऐकू यावं म्हणून.